विटकरी

"परत विटकरी," आई म्हणाली आणि चिमट्यात धरलेली काचेची नळी तिने माझ्या डोळ्यांसमोर आणली. "बघ. नीट बघ. काय खाल्लंस?"

"काही नाही."

"चारू, मी शेवटचं विचारते."

"खरंच काही नाही, आई. तू वाढलंस तेवढंच."

तिने नळी मोरीत ओतली. स्पिरिटचा दिवा फुंकून विझवला आणि पाठमोरीच उभी राहिली. पुढच्या खोलीत अण्णांच्या टायपिंग क्लासची पहिली बॅच सुरू झाली होती. सगळ्या मशिनी एकदम खडखडत होत्या, त्यामुळे आई रडत होती की नाही ते मला कळलं नाही.

तेव्हा मी नववीत होते. आम्ही बार्शीला राहायचो. आठव्या वर्षी मला मधुमेह झाला, तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ आई मला इन्सुलिनचं इंजेक्शन देत आली होती. रोज सकाळी निळ्या औषधात माझ्या लघवीचे थेंब टाकून ती नळी उकळायची. रंग निळाच राहिला तर छान. हिरवा झाला तर चालेल. पिवळा, नारिंगी असं चढत गेलं की काळजी. आणि विटकरी म्हणजे शरीरातून साखर नुसती वाहून चाललीय. पाच-सहा वर्षं आमच्याकडे निळा नाहीतर हिरवाच रंग यायचा. डॉक्टर आईला म्हणायचे, "वहिनी, तुमच्यासारखी आई सगळ्या पेशंटना मिळाली पाहिजे." आई घरी येऊन ते अण्णांना दोन-दोनदा सांगायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर मात्र रंग फिरला. आधी नारिंगी, मग विटकरी. आई घाबरली आणि मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काय बाईसाहेब? काय चाललंय चोरून?"

"काही नाही, डॉक्टर."

ते आईकडे वळले. "या वयात असंच होतं, वहिनी. जिभेवर ताबा राहत नाही. डोस अगदी बरोबर आहे. उगाच वाढवला आणि साखर एकदम उतरली, तर पोरगी बेशुद्ध पडेल. तुम्ही खाण्यावर लक्ष ठेवा."

आईने लक्ष ठेवलं. गुळाचा डबा फडताळात गेला, फडताळाला कुलूप लागलं. शाळेतून आले की दारातच म्हणायची, "आ कर." मी तोंड उघडायचे, ती वास घ्यायची. माझी मैत्रीण शबाना डब्यातलं मला देते की काय, म्हणून ती त्यांच्या घरी जाऊन आली. दुसऱ्या दिवसापासून शबाना डबा घेऊन दुसऱ्या बाकावर बसायला लागली. संक्रांतीला मला घराबाहेर पाठवलं नाही. खिडकीतून बघत होते, तर तिथूनही ती मला उठवून आत घेऊन गेली. बाहेर कोणी हातावर तिळगूळ ठेवला तर?

रंग विटकरीच.

मग तिने माझं जेवण कमी केलं. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी. मला तर तेव्हा इतकी भूक लागायची की शाळेत फळ्यावरची अक्षरं हलायची. तहान त्याहून वाईट. तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचे आणि तास चालू असताना परत परत बाहेर जायची परवानगी मागायचे. मुली हसायच्या. मी वाळत चालले होते. गालफडं बसली होती. आणि तरी शाळेचा स्कर्ट आखूड होत होता. आईने त्याची दुमड उसवून तो लांब केला, पुन्हा आखूड झाला. तेव्हा ती वैतागून म्हणाली, "तुला कपडे पुरत नाहीत, अन् मला तुझ्या काळज्या."

अण्णा यात फारसे पडायचे नाहीत. शांत माणूस. एकदा जेवताना ते म्हणाले, "अगं, खरंच खात नसेल ती."

"मग साखर आभाळातून पडते का?" आई म्हणाली. "सांगा ना. कुठून येते?"

अण्णा ताटातली भाकरी मोडत राहिले. याचं उत्तर कोणालाच देता आलं नसतं, आणि म्हणूनच हळूहळू माझाही माझ्यावरचा विश्वास उडाला.

हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. पण रोज सकाळी तुम्हाला कोणी विचारत असेल की काय खाल्लंस, आणि रोज नळीत पुरावा दिसत असेल, तर माणूस शेवटी स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. मला वाटायला लागलं की मी झोपेत उठून खात असणार. सकाळी जाग आली की मी आधी दातांवरून जीभ फिरवायचे, गोड लागतं का पाहायला. नखं उजेडात धरून त्यात गूळ दिसतो का बघायचे. फडताळाचं कुलूप ओढून बघायचे. ते लागलेलंच असायचं. मग वाटायचं, मी झोपेत किल्लीही शोधत असेन.

एका संध्याकाळी आई कणीक मळत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, माणसं झोपेत चालतात ना?"

"चालतात काही काही."

"मी झोपेत खात असेन का?"

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"असेल," ती हळूच म्हणाली. "असेल गं. तुझा काय दोष त्यात?"

"मग मला कोंडून ठेव. म्हणजे खाता येणार नाही."

अण्णांना ते अजिबात पटलं नाही. "जनावर आहे का ती?" असं ते म्हणाले. पण आईला एकदम हुरूप आला होता. क्लासच्या मागे एक लहान खोली होती, मोडक्या मशिनी आणि जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांची. तिने ती झाडली, पुसली, कोपरे हुडकले, खिडकीचे गज हलवून पाहिले. माझं अंथरूण घातलं. इंजेक्शन दिलं, अर्धी भाकरी आणि भाजी दिली. दिवेलागणीनंतर मी आत गेले आणि तिने बाहेरून कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली. अण्णांनी आपली सतरंजी उचलली आणि त्या दाराशी नेऊन टाकली. "मी इथेच आहे बरं का, चारू," ते दाराबाहेरून म्हणाले.

मला त्या खोलीत फार गाढ झोप लागली. वाटलं, आता सुटले.

सकाळी आईने दार उघडलं. तिने नळीत थेंब टाकले आणि दिवा पेटवला. या वेळी चिमटा अण्णांनी हातात घेतला. तिघंही वाकून बघत होतो. निळ्याचा हिरवा झाला. हिरव्याचा पिवळा. मी मनात म्हणत होते, बास, इथे थांब. पिवळ्याचा नारिंगी झाला, आणि मग तळाशी तो गढूळ, विटेच्या चुऱ्यासारखा साका बसायला लागला.

आई उठली आणि त्या खोलीत धावली. गादी उलटी केली. कागदांचे गठ्ठे सोडले. मशिनींच्या पोटात हात घालून बघितलं. माझी वेणी उसवली. ती माझ्या केसांत शोधत होती.

"कुठे लपवलंस? काय लपवलंस?"

"इंदू, बस्स," अण्णा म्हणाले. "मी दाराला पाठ लावून होतो."

"मग तुम्ही दिलंत!"

अण्णांनी चिमटा खाली ठेवला.  आई माझ्यासमोर खाली बसली, हात जोडले आणि खरोखर माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"चारू, तुझ्या पाया पडते. मला एकदा खरं सांग. मारणार नाही, ओरडणार नाही. फक्त खाल्लं म्हण. तू मरशील गं अशाने."

माझ्या आईने माझ्या पायांवर डोकं ठेवलं होतं. मला ते बघवेना.

"हो," मी म्हणाले. "गूळ खाल्ला."

आईने मान वर केली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. त्यावर राग नव्हता. देव भेटल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती.

"खाल्लास ना? बघा, खाल्ला म्हणते. कुठून आणलास?"

ते मला सांगता आलं नाही. पण तिला ते ऐकायचंही नव्हतं. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "आज फक्त पाणी. एक दिवस पोट रिकामं राहिलं की सगळी साखर निघून जाईल."

आणि जेवण नाही तर इंजेक्शन नाही, नाहीतर साखर उतरून पोरगी बेशुद्ध पडते, हा डॉक्टरांनी शिकवलेला नियम आई कधी मोडत नसे. त्या दिवशी तिने दोन्ही बंद ठेवलं.

दुपारपर्यंत मला उलट्या सुरू झाल्या. पोटात काही नव्हतं, तरी होत राहिल्या. मग श्वास लागला. डोंगर चढून आल्यासारखी मी नुसती पडल्या पडल्या धापा टाकत होते. अण्णा बॅच सोडून आत आले, माझ्याजवळ वाकले आणि म्हणाले, "हिच्या तोंडाला हा कसला वास येतोय? पिकलेल्या फळासारखा?"

"फळ?" आई म्हणाली. "फळ कुठून आणलं हिने?"

 अण्णांनी मला उचललं, तसेच अनवाणी रस्त्यावर गेले आणि समोरच्या दुकानदाराची जीप मागितली. सोलापूरपर्यंतच्या रस्त्यातलं मला फक्त एवढंच आठवतं की आई माझा हात धरून सारखी म्हणत होती, "देवा, हिला नको. हिला नको." नुसतं वाचव असं ती म्हणत नव्हती. हिला नको असं म्हणत होती.

शुद्धीवर आले तेव्हा हाताला सलाईन होतं. पलंगाच्या पायथ्याशी एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची डॉक्टरीणबाई उभी होती. डॉक्टर हिरेमठ. त्या आईला विचारत होत्या आणि आई गुन्हेगारासारखी उत्तरं देत होती.

"पाळी कधी सुरू झाली हिची?"

"दिवाळीत."

"उंची किती वाढली वर्षभरात?"

"उंची?" आई गोंधळली. "मोजली नाही. पण स्कर्ट लांब केला, तोही पुन्हा आखूड झाला."

"आणि इन्सुलिनचा डोस?"

"तोच आहे. दोन वर्षांपूर्वी ठरवून दिलेला."

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "हे बघा. मुलं वाढायला लागली की मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, ती झोपेत वाढीचं द्रव्य सोडते. ग्रोथ हार्मोन. त्यानेच हाडं लांब होतात. पण ते इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. तुमच्या-माझ्या शरीरात अशा वेळी जास्त इन्सुलिन तयार होतं आणि भागतं. हिच्या शरीरात होत नाही. मग पहाटेपासून साखर चढते. मुलगी वाढतेय, आणि तिला इंजेक्शन मात्र लहानपणचंच चाललंय."

"पण ती खाते," आई म्हणाली. "कबूल केलंय तिने."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "खाल्लंस?"

मी आईकडे पाहिलं, मग म्हणाले, "नाही."

"मग कबूल का केलंस?"

"आई पाया पडत होती."

 मग बाई आईला म्हणाल्या, रागावून नाही, पण स्पष्ट: "हिने काहीही खाल्लं नसतं तरी साखर चढलीच असती. उपाशी ठेवून, इन्सुलिन बंद करून ही जवळजवळ गेली होती. हिला जास्त इन्सुलिन हवं आणि पोटभर जेवण हवं. बाकी काही नको."

 आईने अगदी बारीक आवाजात विचारलं, "मुलग्यांना पण होतं हे?"

"होतं ना. जरा उशिरा. मिसरूड फुटायच्या सुमाराला."

आई उठली आणि बाहेर गेली. अण्णा तिच्या मागोमाग गेले. व्हरांड्यातून एक आवाज आला. मला आधी कळलंच नाही की तो माझ्या आईचा आहे.

तिने मला ते दुसऱ्या दिवशी सांगितलं, माझी वेणी घालता घालता, म्हणजे मला तिचं तोंड दिसू नये.

"तुला एक मामा होता."

मला मामा नव्हता. आई एकुलती एक होती, असंच मला माहीत होतं.

"नागनाथ. नागू म्हणायचो. माझ्यापेक्षा लहान. तुझाच आजार. तालुक्याहून कंपाउंडर यायचा सुई द्यायला. चांगला चालला होता. मग एका वर्षात बांबूसारखा वाढला आणि साखर हाताबाहेर गेली. सगळे म्हणाले, पोरगं चोरून खातंय. तुझ्या आजोबांनी, आप्पांनी, त्याला ओसरीच्या खांबाला बांधलं. मारायला नाही गं, खाऊ नये म्हणून. मला राखणीला बसवलं." तिने पेड घट्ट ओढला. "तो म्हणायचा, 'इंदे, मी नाही खाल्लं गं. तू तरी सांग आप्पांना.' आप्पांनी मला विचारलं, खाताना बघितलंस का? मी म्हणाले, बघितलं."

"बघितलं होतंस?"

"नाही. पण सगळे म्हणत होते, म्हणजे खाल्लं असणारच. मग त्याची भाकरी बंद झाली." वेणीचा पेड तिच्या हातात तसाच राहिला होता. "शेवटी शेवटी भाकरी मागत होता माझ्याकडे. मी दिली नाही. त्याचं भलंच करत होते ना मी."

इतकी वर्षं तिने मला कसल्या धास्तीत वाढवलं होतं ते मला तेव्हा समजलं.

डोस वाढला. एकदम नाही, बेताबेताने. सोलापूरहून घरी आलो तेव्हा सकाळी नळीत पिवळा रंग दिसला, मग हिरवा. एका सकाळी निळा आला. आईने तो पाहिला, नळी धुवून ठेवली आणि अण्णांना म्हणाली, "मी माहेरी जाऊन येते. चारूला नेते."

आईचं माहेर परांड्याच्या बाजूला होतं. आम्ही क्वचित जायचो. तिथल्या घरात कोणी फार बोलत नसे. आजी कधीच गेली होती. आप्पा ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. आईने पाणीसुद्धा घेतलं नाही. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आप्पा, नागूनं खाल्लं नव्हतं."

आप्पांच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. त्या घरात ते नाव कोणी घेत नसे.

"कोण म्हनतंय?"

"सोलापूरच्या डॉक्टरीणबाई. ह्या चारूलाही तेच झालं. अंगानं वाढायला लागलं की साखर आपसूक चढते म्हणाल्या. खावो न खावो."

"मग काय करायचं असतंय?"

"सुई जास्त द्यायची."

"आनि?"

"आणि पोटभर जेवायला घालायचं."

"येवढंच?"

"एवढंच, आप्पा."

 आई त्यांच्या पायांशी बसली. "मी तुम्हाला म्हणाले होते ना, खाताना बघितलं म्हणून. मी बघितलं नव्हतं. खोटं बोलले मी."

"ठावं हाय मला," आप्पा म्हणाले.

आईने झटकन मान वर केली.

"तवाच कळलं हुतं. तुझं त्वांडच सांगत हुतं." त्यांच्या मांडीवरच्या शेंगा ओसरीवर सांडल्या. "पर त्यानं खाल्लं आसंल, तर माझ्या हातात कायतरी हुतं. बांधायचं, राखन करायची. न खाता चढत आसंल, तर मी काय करनार हुतो, इंदे? मला कायबी येत नव्हतं. म्हनून मी तुझं खरं धरलं."

 दोघं एकमेकांसमोर बसून राहिली. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी सांडलेल्या शेंगा गोळा करत बसले.

ऊन उतरल्यावर आईने पिशवीतून बाटली आणि सिरींज काढली. आप्पा जवळ सरकले. आईने औषध ओढलं, उजेडात धरून बुडबुडा काढला आणि माझ्या दंडात सुई टोचली. ते सगळं आप्पा डोळ्यांची पापणी न हलवता बघत होते. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. फार जड हात होता.

"वाढ आता पोरीला," ते आईला म्हणाले.

आईने चूल पेटवली. आप्पा माझ्या ताटासमोर मांडी घालून बसले, आणि मी "बास" म्हणेपर्यंत आईने भाकऱ्या थापायच्या थांबवल्या नाहीत.